ऑगस्टा नॅशनल गोल्फ मैदान

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथील खासगी क्लबचे १८ होलांचे मैदान. मास्टर्स स्पर्धा १९३४ पासून येथेच भरत आली आहे. उद्यानी गोल्फ मैदानाचा आदर्श म्हणून याचे नाव पुढे केले जाते. पण मूळ आखणी तपासली, तर तिचे नाते स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या मैदानांशी जुळते. आखणीकार बॉबी जोन्स आणि ॲलिस्टर मॅकेन्झी दोघेही त्यांतल्याच सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचे भक्त. मॅकेन्झीने १९२४ मध्ये त्या मैदानाचा तपशीलवार नकाशा काढला होता, तर जोन्सने १९२७ ची ओपन स्पर्धा तेथेच जिंकली होती. १९३३ मध्ये सुरू झालेल्या ऑगस्टाच्या मैदानात फेअरवे ऐसपैस, बंकर अवघे २२ आणि रफ नाममात्र होते. चेंडू कुठेही मारायची मुभा होती. मात्र पुढचा फटका सोपा हवा असेल तर फेअरवेची नेमकी बाजू हेरावी लागे. नवख्याला मोकळीक आणि तरबेज खेळाडूला कोडे, ही या आखणीची खरी थोरवी.

उद्यान तर मैदानाच्या आधीपासून होते, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि तो पोकळ नाही. जमीन बर्कमन्स कुटुंबाच्या फ्रूटलँड रोपवाटिकेची. क्लबहाउसकडे नेणारी मॅग्नोलियांची दुतर्फा रांग एकोणिसाव्या शतकातली. प्रत्येक होलला झाडाझुडपाचे नाव. दहाव्या होलवरचा खोल उतार आणि ११ ते १३ या होलांना खेटून वाहणारा पाण्याचा प्रवाह समुद्रकाठी मिळणे कठीण. पण मैदानात झाडे असणे आणि झाडांनी खेळाची वाट अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोळाव्या होलवरचे तळे १९४७ चे, वाढवलेले गवत १९९९ चे, अकराव्याच्या उजवीकडची पाइनची दाटी २००४ ची. आज ज्याला उद्यानी शैली म्हणतात, तिचा मोठा भाग असा मागाहून आला.

लांब उडणाऱ्या आधुनिक चेंडूपुढे ही भर अपरिहार्य होती, हे समर्थनही पटत नाही. बारावा होल जेमतेम १५५ यार्डांचा. समोर रेज क्रीकचा प्रवाह, तिरपे आणि अरुंद ग्रीन, दिशा बदलणारा वारा. एवढ्यावर तो आजही जगातल्या अव्वल खेळाडूंना चकवतो. क्लबने पाइनची दाटी विरळ करून फेअरवेंची जुनी रुंदी परत द्यावी.