दुसऱ्या ओळीतला गवई : बाळकोबा नाटेकर

आपल्या भालकी-औराद-आळंदकडच्या जुन्या घरांत संगीत नाटकाचा विषय निघाला की भाऊराव कोल्हटकर नि बालगंधर्व, या दोन नावांवर गाडी थांबते. मला आज तिसरं नाव सांगायचंय, बाळकोबा नाटेकर.

अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, बेळगावकडचे. म्हणजे आपल्यासारखेच मराठी बोलणारे, कन्नड कानावर असलेले. त्यांच्या पदांना कानडी चालीही आहेत, त्या उगीच नाहीत! पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा ऑपेरा पाहून त्यांनी ‘शाकुंतल’ हाती घेतलं. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात आनंदोद्भव थिएटरात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, शकुंतला शंकरराव मुजुमदार आणि कण्व बाळकोबा.

आता बघा, चौथा अंक म्हणजे लेकीची पाठवणी. मराठी संगीत रंगभूमीची ती पहिली रात्र संपली ती नायकाच्या प्रेमावर नाही, म्हाताऱ्या बापाच्या गाण्यावर. आपल्याकडं मांडवातून मुलगी निघताना जी अवस्था होते, तीच. ते गाणं कच्चं पडलं असतं तर पुढचे अंक बघायला कोण आलं असतं?

1882 साली ‘सौभद्र’ आलं. बडोद्याचे भाऊराव त्याच वर्षी मंडळीत आले आणि सुभद्रा झाले. लोक त्यांच्यासाठी वेडे झाले. बाळकोबांकडं नारद. नारद काय करतो? सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं बलरामानं ठरवलंय, ही बातमी अर्जुनाला देतो. काम तेवढंच, पण नाटकाची दोरी तिथूनच हलते. शिवाय सुरुवातीलाच गाऊन सभा धरायची असते. मागं आमच्याकडं गणपतीत हौशी मंडळींनी सौभद्र घ्यायचं ठरवलं तेव्हा सुभद्रेला दोघीजणी तयार, अर्जुनाला तिघं, नारदाला कुणी नाही. ‘एवढं गायचं आणि फोटोत मागं उभं राहायचं?’ असं एकजण तोंडावर म्हणाला.

भाऊराव 1901 ला गेले. भारतात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण 1902 ला आलं. म्हणजे नायिकेचा तो आवाजही आपल्याला मिळाला नाही, फक्त आठवणी मिळाल्या. त्या आठवणीही पहिल्या ओळीवाल्यांच्याच जास्त.

1956 ला बीदर जिल्हा तुटला. उदगीर, निलंगा तिकडं गेले, भालकी-औराद इकडं राहिले. आपल्या घरांतल्या मुलांची शाळा हळूहळू कन्नड नि इंग्रजीत गेली. त्यात वाईट काही नाही. पण घरात आजोबा-आजींना नारदाची पदं चालीसकट पाठ असतील, तर मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. सुभद्रेची पुष्कळांकडं आहेत. नारदाची कुणाकडं असतील तर खाली नक्की लिहा, गावाच्या नावासकट.