लोखंडी धाव ते रेडियल टायर : मोरगाव-बारामती-इंदापूर परिसरातील चाकाच्या निवडीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मानवी संस्कृतीच्या इतिहासात चाकाच्या शोधाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. तथापि चाकाचा जो भाग प्रत्यक्ष जमिनीला टेकतो, त्याचा इतिहास स्वतंत्रपणे फारसा विचारात घेतला जात नाही. गाडीची पकड, वळणावरील ताबा आणि बसणाऱ्याला मिळणारा आराम या तिन्ही गोष्टी याच भागावर अवलंबून असतात. पूर्वी तो भाग लोखंडाचा होता, आज तो रबराचा आहे.

या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील मोरगाव व त्याभोवतीचा बारामती-इंदापूर परिसर अभ्यासण्याजोगा आहे. कऱ्हा नदीकाठी वसलेले मोरगाव अष्टविनायकांतील पहिले क्षेत्र असून ते बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात येते. याउलट नीरा डाव्या कालव्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच तालुक्याचा दुसरा भाग व इंदापूर तालुक्याचा काही भाग बागायती झाला. त्यामुळे येथील रस्त्यांवर दोन प्रकारची वर्दळ आढळते. एक यात्रेकरूंची आणि दुसरी उसाची.

उद्दिष्टे व पद्धती :

१) या परिसराच्या संदर्भात लोखंडी धावेपासून रेडियल टायरपर्यंतच्या स्थित्यंतराचा आढावा घेणे.
२) प्रत्येक टप्प्यावर चाकाची निवड कोणी केली व तिचा भार कोणावर पडला, हे तपासणे.
३) उष्ण हवामानात मोटारीच्या टायरची निवड करण्याचे निकष स्पष्ट करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. लोखंडी धाव : कारागिराचा निर्णय

पारंपरिक बैलगाडीचे चाक तुंबा, आरे व पुठ्ठे अशा लाकडी भागांचे असे. सुतार चाक घडवी आणि लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. धाव गोवऱ्यांच्या विस्तवात तापवून प्रसरण पावली की ती चाकावर बसवत व लगेच पाणी ओतत. थंड होताना ती आकसून संपूर्ण चाकाला घट्ट आवळून धरी. बलुतेदारी व्यवस्थेत सुतार, लोहार व शेतकरी एकाच गावचे असल्याने गावची माती व वाटा तिघांच्याही परिचयाच्या असत.

ही धाव टिकाऊ होती, परंतु तिच्या मर्यादाही होत्या. गाडीचा सर्व भार अरुंद लोखंडी पट्टीवर येई. कोरड्या कठीण वाटेवर हे चाक बरे चाले, मात्र पावसाळ्यात काळ्या जमिनीत ते रुते. धक्के शोषून घेण्याची कोणतीही सोय त्यात नव्हती. पकड ही खरे तर चाकाची नसून बैलांच्या खुरांची होती. म्हणजेच उणिवेची किंमत बैल आणि रस्ता हे दोघे देत होते.

२. हवेचा टायर आणि रस्त्यांचा प्रश्न

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये मांडली होती, परंतु ती व्यवहारात रुजली ती १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने बेलफास्ट येथे केलेल्या प्रयोगानंतर. भारतात मोटारींची संख्या वाढू लागली तेव्हा एकाच रस्त्यावर लोखंडी धाव व रबरी टायर एकत्र आले. खडी-मुरमाच्या रस्त्यांना धावेने चाकोऱ्या पडत आणि वेगवान मोटारींमुळे धुरळा व बारीक खडी उडून जाई.

या पार्श्वभूमीवर १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींमधून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस अस्तित्वात आली. पुढे १९४३ मध्ये नागपूर येथे प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांनी देशाची रस्ते योजना आखली. दरम्यान १९३६ मध्ये डनलॉपचा कारखाना बंगालमधील साहागंज येथे सुरू झाला होता. बैलगाडीला रबरी टायर बसवावेत, या विचारामागे बैलांच्या सोयीइतकीच रस्ते वाचवण्याची निकडही होती.

३. ऊसवाहतूक आणि टायरगाडी

या विचाराला बारामती-इंदापूर परिसरात साखर कारखानदारीने मोठी चालना दिली. इंदापूर तालुक्यात १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने साखर कारखाना व वालचंदनगर वसाहत उभी राहिली. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वर येथे सहकारी कारखाने आले. तोडलेला ऊस वेळेत गाळपास पोहोचणे आवश्यक असल्याने वाहतुकीला गती हवी होती. ती गरज टायरगाडीने भागवली. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून येणाऱ्या तोडणी कामगारांच्या व्यवहारात ‘टायर सेंटर’ हा शब्दच रूढ झाला.

रबरी चाक ओढायला हलके असते, ते कमी रुतते व धक्काही सौम्य करते. परंतु हा हलकेपणा बैलांच्या वाट्याला आला नाही. चाक सहज फिरते म्हणून गाडीत अधिक ऊस भरला जाऊ लागला आणि एका जोडीमागे दोन टनांहून अधिक ओझे नेहमीचे झाले. उतारावर पुरेसा ब्रेक नसलेली भरली गाडी रोखण्याचा ताण जुवाखालच्या मानेवरच येतो. तंत्र सुधारले तरी त्याचा लाभ कोणाला मिळेल हे तंत्र ठरवीत नाही, हे टायरगाडीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

४. मोटारीचे टायर : नायलॉन ते रेडियल

ज्या वालचंद हिराचंद यांचे नाव इंदापूरच्या वसाहतीला मिळाले, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईत १९५८ मध्ये सिएट टायर्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाली. या काळातील मोटारींचे टायर आडव्या-तिरप्या धाग्यांच्या थरांचे असत. त्यांना बाजारात ‘नायलॉन टायर’ म्हणत. ते दणकट होते, परंतु धावताना त्यांचे थर एकमेकांवर घासून उष्णता अधिक निर्माण होई.

फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात व वरच्या पृष्ठाखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळे टायरची बाजू लवचीक राहते आणि रस्त्याला टेकणारा भाग स्थिर राहतो. पकड, वळणावरील ताबा व आयुर्मान या तिन्ही बाबतींत हा टायर सरस ठरला. भारतात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींसाठी रेडियल टायरचे उत्पादन सुरू झाले. तथापि रस्ते सुधारले आणि १९८० नंतर नव्या पिढीच्या मोटारी आल्या, तेव्हाच त्यांचा खरा प्रसार झाला.

५. उन्हाळा, पावसाळा आणि निवडीचे निकष

युरोपात हिवाळी व उन्हाळी असे टायर वेगळे असतात. साधारणपणे ७ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात वापरायचा तो उन्हाळी टायर, अशी तेथील ढोबळ विभागणी आहे. त्या अर्थाने मोरगावच्या रस्त्यावर बारमाही उन्हाळी टायरच लागतो. मात्र येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो व डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते. त्यानंतर पहिल्या सरीत धूळ, तेल व पाणी यांचा निसरडा थर रस्त्यावर पसरतो. पुण्याहून सासवड-जेजुरीमार्गे मोरगावला येणाऱ्या मोटारीला दिवे घाटाची वळणेही पार करावी लागतात. त्यामुळे निवड करताना पुढील बाबींचा समतोल साधावा लागतो.

पकड : मऊ रबर रस्ता चांगला धरते, परंतु लवकर झिजते. ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद व खोल खाचा महत्त्वाच्या ठरतात. १९९० च्या दशकात रबरात सिलिकाचा वापर वाढला. त्यामुळे ओली पकड राखूनही इंधनाची बचत शक्य झाली.

ताबा : टायरची बाजू बुटकी व ताठ असेल तर वळणावर गाडी नेमकी वळते. परंतु खड्ड्यात अशा टायरला व रिमला इजा होण्याचा धोका वाढतो.

आराम : उंच बाजूचा टायर धक्के अधिक शोषतो व आडवाटेच्या रस्त्यांना तो मानवतो. केवळ शोभेसाठी मोठे रिम व बुटके टायर बसवणे अशा ठिकाणी हितावह नाही.

उष्णता : टायर फुटण्याचे एक प्रमुख कारण कमी हवा व जादा भार हे आहे. हवा कमी असलेला टायर अधिक वाकतो, त्यामुळे तापतो व आतून कमजोर होतो. म्हणून उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवण्याची प्रचलित समजूत धोकादायक आहे. वाहन उत्पादकाने सांगितलेला दाब टायर थंड असतानाच तपासणे योग्य होय. तसेच जिरायत पट्ट्यात बाभळीच्या काट्यांमुळे होणाऱ्या पंक्चरमध्ये ट्यूबलेस टायरची हवा सावकाश उतरते. चालकाला गाडी थांबवण्यास वेळ मिळतो, ही त्याची जमेची बाजू आहे.

६. कायदा आणि ग्राहक

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी असून मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असणे आवश्यक आहे. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक करण्याची तरतूद केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ओल्या रस्त्यावरील पकड, घरंगळण्याचा विरोध व आवाज यांविषयीची मानके अधिसूचित केली. म्हणजे पकड व आराम या गोष्टी आता केवळ अनुभवाच्या न राहता मोजमापाच्या झाल्या आहेत.

परंतु हे मोजमाप टायरच्या कडेवर सांकेतिक स्वरूपात असते. ‘१६५/८० आर १४’ यात १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० हे उंचीचे रुंदीशी टक्केवारीतील प्रमाण, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १४ हा इंचांतील रिमचा व्यास होय. उत्पादनाच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा व नंतरचे दोन वर्ष दर्शवतात. ‘२३२४’ याचा अर्थ २०२४ चा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही वयाने कडक होते. त्यामुळे हे चार आकडे न पाहता स्वस्तात घेतलेला जुना टायर, खाचा खोल दिसत असल्या तरी, ओल्या घाटात धोका देऊ शकतो.

निष्कर्ष :

१) पकड, ताबा व आराम हे निकष मोटारीबरोबर जन्मले नाहीत. धावेच्या काळातही तेच प्रश्न होते, फक्त त्यांची उत्तरे सुतार-लोहारांच्या हातात होती.
२) लोखंडी धावेचा भार बैल व रस्त्यावर पडला. टायरगाडीने रस्ता वाचवला, परंतु बैलाचे ओझे वाढवले. मोटारीच्या टायरची चुकीची निवड मात्र थेट प्रवाशाच्या व समोरून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.
३) या परिसरासाठी महागडा वा रुंद टायर म्हणजे उत्तम टायर असे समीकरण मांडता येत नाही. वाहन उत्पादकाने सुचवलेले माप, ओल्या रस्त्यावरील चांगली पकड, पुरेशी उंच बाजू, अलीकडचे उत्पादन व योग्य दाब हेच येथील सुज्ञ निवडीचे निकष ठरतात.
४) गावातील कारागिराकडे असलेले चाकाचे ज्ञान आज कारखान्यात व प्रयोगशाळेत गेले आहे. ते कडेवरील आकड्यांच्या रूपाने ग्राहकाकडे परत येत असले तरी वाचता आल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. म्हणून वाहन परवान्याच्या प्रशिक्षणात टायरच्या खुणांचे वाचन प्राधान्याने शिकवले जाणे गरजेचे आहे.