शब्दवेध : आमवात आणि सांगावा

नांदेड-लातूरकडच्या बाया सकाळी उठल्या की म्हणतात, ‘सांधे धरलेत.’ वैद्य त्यातल्या एका दुखण्याला आमवात म्हणतात. आम म्हणजे कच्चा, न पचलेला अन्नरस. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या रोगाला स्वतंत्र प्रकरण मिळालं. डॉक्टर मात्र रक्तातल्या सायटोकाइनकडे बोट दाखवतात. मूळ ग्रीक, ‘कायटॉस’ म्हणजे पोकळ भांडं, पुढे पेशी, आणि ‘काइन’ हालवण्यावरून. नाव १९७४ मधलं, स्टॅन्ली कोहेन यांनी दिलेलं. पेशीने पेशीला धाडलेला प्रथिनांचा सांगावा तो! ‘सांगावा’ हा आपला शब्द मला इथे फार नेमका वाटतो. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनांचे सांगावे थांबेनात, की शरीराची फौज आपल्याच सांध्यांवर चालून जात राहते. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर दुखणं अंगावर काढू नका.