साठाच्या घरांतील सात

बाबिलोनी लेखकांनीं सुमारें ३८०० वर्षांपूर्वीं मातीच्या पाट्यांवर उमटवून ठेवलेलीं गणितें ओटो नॉयगेबाउअर या पंडितानें १९३५ ते १९३७ या वर्षांत संग्रहरूपानें प्रसिद्ध केलीं. अशा पाट्यांत एक कोष्टक वारंवार आढळतें. त्याच्या एका बाजूस २, ३, ४, ५, ६ असे अंक आणि समोर ३०, २०, १५, १२, १०. आपण जेथें दहाच्या पटीनें घर बदलतों तेथें ते लोक साठाच्या पटीनें बदलीत. तेव्हां साठ दोघांनीं वांटून घेतल्यास तीस, तिघांनीं घेतल्यास वीस, हा उघड हिशेब. आठासमोर ७ व ३०, म्हणजे साडेसात. नवासमोर ६ व ४०. असें चालत चालत नेहमीचें कोष्टक ८१ वर थांबतें आणि त्याच्यापुढें ४४, २६, ४० असे तीन अंक येतात. वाचकांनीं हवें तर पडताळून पाहावें: ४४ ला ३६०० नीं व २६ ला ६० नीं गुणून त्यांत ४० मिळविले कीं बरोबर १,६०,००० होतात, आणि त्यांची ८१ पट म्हणजे १,२९,६०,०००, साठाचा चतुर्थ घात.

या यादींत सहानंतर एकदम आठ येतो. सात कोठें गेला? त्याला वगळण्यांत लेखकाचा आळस नाहीं. साठाचे मूळ अवयव दोन, तीन व पांच; केवळ यांच्याच गुणाकारानें जी संख्या बनते तिनें एकास भागलें असतां साठाच्या लेखनांत भागाकार कोठें तरी संपतो. सातानें भागूं लागलें तर ८, ३४, १७ हे तीन अंक रहाटगाडग्याप्रमाणें फिरतच राहतात. दहाच्या लेखनांत तीच गत तीनाचीही होते. म्हणजे भागाकार संपणें न संपणें हा संख्येचा एकटीचा गुण नव्हे. तिला राहावयास दिलेल्या घराचा त्यांत वांटा आहे. सातास एक व स्वतः यांवांचून भाजक नाहीं, हा गुण मात्र त्याचा स्वतःचा, आणि तो कोणत्याही घरांत बदलत नाहीं. अंकांची बेरीज करून नवानें भाग जातो कीं नाहीं हें पाहण्याची शाळेंतील युक्ति पुन्हां घराचीच. साठांत तें काम ५९ कडे जातें. नवाच्या अंकांत कांहीं गूढ महिमा पाहणाऱ्या आमच्या सुशिक्षित मित्रांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

साठाच्या पद्धतींत दोष होतेच. त्या काळीं तिला शून्याचें चिन्ह नव्हतें. एकच खूण एक, साठ किंवा साठावा हिस्सा यांपैकीं कांहींही असूं शके, व तें संदर्भावरून ताडावें लागे. तरी घड्याळांत ती टिकली. आमच्या पंचांगांतही दिवसाच्या साठ घटिका व घटिकेचीं साठ पळें आहेतच. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनीं १७९३ त दिवसाचे दहा तास व तासाचीं शंभर मिनिटें ठरविलीं. १७९५ त तें तहकूब करावें लागलें.

नाण्यांत मात्र दहाचा जय झाला, आणि लिहिण्याची सोय झाली हें आम्हांस मान्य आहे. पण जुन्या रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पै, म्हणजे एकूण १९२ पै होत. तिघां भावांत तो वांटला तर प्रत्येकास पांच आणे चार पै येत, कोणाची तक्रार नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. तेव्हां प्रत्येकास तेहतीस दिल्यावर एक पैसा उरूं लागला.