लाल दिवा का लुकलुकतो?

नेहमीप्रमाणे एपिसोडमधलं बोलणं थोडं साफसूफ करून इथे देतोय. आजचा विषय आहे एक लाल दिवा.

निन्टेंडो एन्टरटेनमेंट सिस्टिम, म्हणजे एनईएस, हा राखाडी रंगाचा अमेरिकन कन्सोल. बटण दाबलं की पुढे छोटा लाल दिवा लागतो. पण बऱ्याच जुन्या कन्सोलमध्ये तो लागून राहत नाही, सेकंदाला साधारण एकदा लुकलुकतो, आणि टीव्हीवर कोरा पडदा त्याच तालात येतो-जातो. मग माणूस काय करतो? कॅसेट काढतो, फुंकर मारतो, परत घालतो. अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीने हे केलंय. माझा मुद्दा असा, की हा दिवा म्हणजे नुसता बिघाड नाही. 1983 साली एका धंद्याला बसलेली भीती त्या सर्किटमध्ये सोल्डर केलेली आहे.

15 जुलै 1983 ला जपानमध्ये निन्टेंडोने फॅमिकॉम आणला. कॅसेट वरून उभी खोचायची, साधं काम. (त्याच्याही पहिल्या मालात चिप खराब निघाली आणि कंपनीला माल परत बोलवावा लागला, पण ते जाऊ दे.) त्याच वर्षी अमेरिकेत मात्र गेमचा बाजार कोसळत होता. अटारीच्या कन्सोलसाठी कुणीही उठून गेम काढत होतं, दुकानं रद्दी गेमने भरली होती. अटारीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या. 2014 मध्ये त्या उकरून काढल्या तेव्हा लोक बघायला जमले होते. तर अशा वेळी ‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की अमेरिकन दुकानदार दारातूनच परत पाठवायचे.

निन्टेंडोने यावर दोन युक्त्या केल्या. आजचा आपला सगळा त्रास त्या दोन युक्त्यांमधून आलाय.

पहिली युक्ती दिसण्याची. ऑक्टोबर 1985 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विक्री सुरू झाली, तेव्हा वस्तू खेळण्यासारखी न दिसता व्हीसीआरसारखी दिसावी म्हणून कॅसेट पुढच्या झाकणातून आडवी आत सरकवायची आणि खाली दाबायची अशी रचना केली. छान दिसतं. पण आतल्या 72 पिनांच्या कनेक्टरवर प्रत्येक वेळी वाकवणारा जोर येतो. हजारदा दाबून पिना सैल पडतात, त्यात धातूवर मळ आणि गंज चढतो.

दुसरी युक्ती कुलपाची. कन्सोलमध्ये एक छोटी चिप आणि प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये तिची जोडीदार. एक कुलूप, एक किल्ली. दोघी एकच प्रोग्राम एकाच वेगाने चालवतात आणि एकमेकींना सतत बिट पाठवत राहतात. अपेक्षित उत्तर आलं नाही की कुलूपवाली चिप प्रोसेसरला रिसेट करते. परत प्रयत्न, परत रिसेट. तोच आपला लुकलुकणारा दिवा.

आता गंमत बघा. किल्लीची चिप कन्सोलशी बोलते ती 72 पैकी फक्त 4 पिनांवरून. गेमचा सगळा डेटा नीट पोचत असेल, पण त्या 4 मधली एक पिन सैल असेल, तरी गेम चालणार नाही. मी रोज ऑफिसात लॉगिन आणि परवानगीचाच कोड लिहितो, त्यामुळे हे फार ओळखीचं वाटतं. शंका आली की दार बंद ठेवायचं, हा नियम चोरासाठी ठीक आहे. इथे दाराबाहेर उभा राहिला तो पैसे मोजून गेम घेणारा मुलगा. पक्क्या धंदेवाल्यांनी तर वाट काढलीच: अटारी गेम्सने कॉपीराइट ऑफिसकडून खोटं कारण देऊन त्या कोडची प्रत मिळवली आणि स्वतःची किल्ली बनवली. 1992 मध्ये अपील कोर्टाने निकाल त्यांच्या विरोधात दिला, ते वेगळं.

आपल्याकडे काय होतं? आपण ज्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो, ती पिवळ्या कॅसेटची, ‘9999 इन 1’वाली मशीनं, ती फॅमिकॉमची नक्कल होती. 60 पिनांची उभी खाच, आणि फॅमिकॉमला कुलूपच नव्हतं. म्हणून आपला दिवा कधी लुकलुकला नाही. आपल्याकडे बिघाड वेगळा दिसायचा: मारिओचं संगीत व्यवस्थित चालू आणि पडद्यावर चौकटींचा नुसता काला. कारण कॅसेटमध्ये प्रोग्राम आणि चित्रं यांच्या वायरी वेगळ्या असतात. चित्राची एखादी पिन लागली नाही तरी प्रोग्राम बिचारा पळत राहतो.

आणि फुंकर? तिने कॅसेट सुरू व्हायची हे खरं, पण काम व्हायचं ते काढून परत घालण्याने. तेवढ्यात पिनेला नवी जागा मिळायची. श्वासातल्या ओलाव्याने मात्र गंजाला मदतच. निन्टेंडो स्वतः फुंकू नका म्हणून सांगत होती.

माझा एक सहकारी अमेरिकेतून असा कन्सोल घेऊन आला, तेव्हा मी या क्रमाने गेलो. आधी अडॅप्टर. तिकडचा 120 व्होल्टचा, आपल्या सॉकेटला थेट लावला तर संपला. शिवाय तो 9 व्होल्ट एसी देतो, तोच फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉमची वाट लागेल, त्याला डीसी लागतं. मग दिवा बघायचा. लुकलुकतोय तर संशय कुलपाच्या पिनांवर. स्थिर आहे पण पडदा कोरा किंवा काला झालाय, तर डेटाच्या पिनांवर. दोन्हीत पहिला उपाय एकच: कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कॅसेटचे संपर्क पुसायचे, काडी काळी यायची थांबेपर्यंत. कॅसेटच्या मागे अल्कोहोल वापरू नका असं छापलेलं असतं, तरी दुरुस्ती करणारे सगळे हेच करतात आणि मीही केलं. मग कनेक्टर काढून साफ करायचा. बाजारातला नवा कनेक्टर घाईने घेऊ नका, त्यातले बरेच कॅसेट इतकी घट्ट धरतात की ओढताना हात दुखतो.

या कन्सोलमध्ये एवढं करूनही एक कॅसेट लुकलुकतच राहिली. तेव्हा शेवटचा उपाय: कुलपाच्या चिपचा 4 नंबरचा पाय बोर्डवरून उचलून ग्राउंडला जोडायचा. चिप पहारा सोडते आणि रिसेट थांबतो. सैल पिन सैलच राहते, पण निदान खरा दोष पडद्यावर दिसतो. आमच्या कॅसेटमध्ये दोषच नव्हता, ती सरळ सुरू झाली.

1993 मध्ये निन्टेंडोने स्वतःच हे केलं. एनईएसचं नवं, छोटं मॉडेल काढलं, कॅसेट वरून उभी खोचायची, आत कुलपाची चिप नाही. आठ वर्षं फिरून गाडी फॅमिकॉमपाशी आली. फक्त त्या मॉडेलचं चित्र अँटेनाच्या वायरीनेच टीव्हीत जायचं आणि त्यावर फिकट उभ्या रेघा यायच्या. त्या रेघा कशा घालवायच्या, ते पुढच्या एपिसोडमध्ये.