मृत्युपत्र : मुंबई इलाख्यातील एका परक्या दस्तऐवजाची वाटचाल

‘मृत्युपत्र’ हा शब्द आज कोणाही सुशिक्षित मराठी वाचकाच्या परिचयाचा असला, तरी त्यामागील कल्पना आपल्या धर्मशास्त्राला परकी होती, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीकेत विज्ञानेश्वराने वडिलोपार्जित संपत्तीत पुत्राला जन्मतःच स्वत्व प्राप्त होते असा सिद्धान्त मांडला. एकत्र कुटुंबातील पुरुष निधन पावला की त्याचा अविभक्त हिस्सा त्याच क्षणी उर्वरित सहदायादांकडे जाई. जे मरणाबरोबर हातून सुटणारच, त्याची मरणोत्तर व्यवस्था लावणार तरी कशी? म्हणून दूरदृष्टीच्या कुटुंबप्रमुखाची साधने निराळी होती. हयातीत वाटणी करणे, दान देणे, पुत्र नसल्यास दत्तक घेणे. वाटणीपत्र आणि दत्तकपत्र हीच त्या काळची संपत्ती-नियोजनाची कागदपत्रे होत.

मुंबई इलाख्यापुरते पाहता येथे मिताक्षरेच्या जोडीला नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’लाही मान होता. मूळचे पैठणचे हे भट्ट घराणे काशीस स्थायिक झाले होते. तेथे सतराव्या शतकात रचलेला हा ग्रंथ इंग्रजी न्यायालयांत महाराष्ट्राचा, विशेषतः गुजरात व कोकणाचा, प्रमाणग्रंथ ठरला. बोराडेल याचे इंग्रजी भाषांतर १८२७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या एल्फिन्स्टनकालीन विनियमांनी देशरूढीला न्यायदानात स्थान दिले आणि वारसाच्या दाखल्याची पद्धतही घालून दिली. मयूखाच्या आधारे येथे बहिणीला वारसांत स्थान मिळाले, आणि पित्याकडून वारशाने आलेल्या संपत्तीवर कन्येला पूर्ण स्वामित्व मिळाले. अन्य प्रांतांतील मिताक्षरानुयायी स्त्रियांना हे भाग्य नव्हते. अर्थात हा वारसा अविभक्त कुटुंबाच्या संपत्तीला लागू नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

मृत्युपत्राचा शिरकाव झाला तो कलकत्ता, मद्रास व मुंबई या इलाखा-शहरांत, इंग्रजी न्यायालयांच्या सान्निध्यात. शास्त्रात त्याला आधार सापडेना, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला दानाच्या चौकटीत बसविले. जे हयातीत दान देता येते तेच मृत्युपत्राने देता यावे. या विचाराची कसोटी लागली ती बंगालमधील टागोर खटल्यात. प्रसन्नकुमार टागोर यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या आपल्या पुत्राला मृत्युपत्रात काहीही न ठेवता, संपत्ती इंग्रजी उमरावांच्या धर्तीवर पुढील अनेक पिढ्यांना क्रमाने मिळावी अशी तजवीज केली होती. प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये निर्णय दिला की, जी व्यक्ती दात्याच्या मृत्युसमयी अस्तित्वातच नाही तिला दान देता येत नाही, आणि हिंदू कायद्याला अज्ञात असा वारसाक्रम कोणाला निर्माणही करता येत नाही. परिणामी पहिल्या लाभार्थ्याच्या हयातीतील उपभोगानंतरची संपत्ती ज्याला वगळावयाचे होते त्या पुत्राच्याच हक्काची ठरली. अतिकुशल मसुद्याची अशी फजिती क्वचितच झाली असेल.

दरम्यान १८७० चा हिंदू मृत्युपत्र कायदा आला. त्याने लेखी दस्त, स्वाक्षरी आणि दोन साक्षीदार यांची अट घातली. पण आपल्या इलाख्यात तो केवळ मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावराविषयीच्या मृत्युपत्रांनाच लागू होता. पुण्याच्या वा साताऱ्याच्या हिंदू गृहस्थाने स्थानिक मालमत्तेबद्दल मृत्युशय्येवर तोंडी सांगितलेली इच्छाही, पुराव्याने सिद्ध झाल्यास, ग्राह्य धरली जाई. ही दुहेरी स्थिती १ जानेवारी १९२७ पासून संपली. अर्धशतकाहून अधिक काळ गिरगावात एक नियम आणि ठाण्यात दुसरा, असा हा प्रकार होता.

प्रस्तुत निबंधाच्या वाचकवर्गाला अधिक जवळचा वाटेल असा प्रश्न विद्याधनाचा आहे. कुटुंबाच्या पैशाने शिकलेल्या मुलाचे वेतन कोणाचे? १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पंजाबातील एका सनदी अधिकाऱ्याची कमाई, त्याचे शिक्षण कौटुंबिक खर्चाने झाले म्हणून, एकत्र कुटुंबाची ठरविली. वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा नव्या वर्गाला हा निर्णय मान्य होणे शक्य नव्हते. स्वतःच्या पगारातून घेतलेले घर पत्नीच्या नावे ठेवण्याचा अधिकारही त्यामुळे संशयास्पद होत होता. मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने १९३० चा विद्याधनविषयक कायदा संमत झाला आणि अशी कमाई स्वार्जित मानली जाऊ लागली. मध्यमवर्गीय मराठी मृत्युपत्राला खरा विषय मिळाला तो येथे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विधवेचा प्रश्न यापेक्षा कठीण होता. अविभक्त कुटुंबात तिच्या वाट्याला केवळ पोटगी येई. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने झालेल्या १९३७ च्या कायद्याने तिला पुत्राइतका हिस्सा दिला, परंतु तो मर्यादित स्वामित्वाचा. तो तिला मृत्युपत्राने देता येत नसे. मूळ विधेयकातील कन्यांचा समावेश तर चर्चेतच गळाला.

१७ जून १९५६ रोजी अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेचे स्वामित्व पूर्ण केले आणि पित्याच्या हिश्श्यात कन्येला पुत्राबरोबरीने वारस ठरविले. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३० ने सहदायादाला अविभक्त हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा प्रथमच दिली. एका कलमाने कन्येला वारस केले आणि दुसऱ्याने तिला वगळण्याचा मार्ग पित्याच्या हाती ठेवला. ज्यांनी मृत्युपत्र केले नाही, त्यांच्या घरी हेच काम हक्कसोडपत्राने होऊ लागले. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद व्हावयाची, आणि मागोमाग बहिणींच्या सह्या.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून कन्येला जन्मतः सहदायाद मानले, परंतु तोपर्यंत विवाह झालेल्या कन्यांना वगळले. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीत हा भेद राहिला नाही. त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. २००५ च्या दुरुस्तीतील एक लहानसा बदल मात्र फारसा चर्चिला गेला नाही. कलम ३० मध्ये मृत्युपत्र करणाऱ्या पुरुषवाचक सर्वनामापुढे ‘किंवा तिला’ अशा अर्थाचे शब्द घालण्यात आले. कन्येला मिळालेला सहदायादाचा हिस्सा कोणाला द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार त्या शब्दांनी तिच्या हाती आला.