नांदूरमध्यमेश्वर : गाळ काढायचा की पक्षी राखायचे?

निफाड : थंडी पडली की नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात आणि सुटीच्या दिवशी चापडगावच्या मनोऱ्यावर गर्दी होते. तिकडं नदीच्या वरच्या अंगाला चांदोरी-सायखेड्यात मात्र एकच प्रश्न असतो, बंधाऱ्यातला गाळ कधी निघणार? या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

बंधाऱ्याचं अभयारण्य कसं झालं?

गोदावरी-कादवा संगमावर इंग्रजांच्या काळात हा बंधारा झाला, तो कालव्यांसाठी. डाव्या-उजव्या कालव्यानं पाणी कोपरगाव, राहात्याकडं जातं. दरवर्षीच्या पुरात वाहून आलेली माती इथं बसत गेली. साठवण घटली, पण उथळ पाणी, चिखल, बेटं आणि पाणकणसाची बनं तयार झाली. पक्षी आले ते त्यामुळंच. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव आल्याचं जाहीर झालं. हा मान मिळालेलं हे राज्यातलं पहिलं ठिकाण. रामसर हे इराणमधलं गाव. तिथं २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा वाचवण्याचा करार झाला, म्हणून त्या तारखेला जागतिक पाणथळ दिन पाळतात.

पक्ष्यांना पाणी किती लागतं?

सगळा खेळ खोलीचा आहे. शेकाट्या, तुतवार हे घोट्याएवढ्या पाण्यात, चिखलात किडे शोधतात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग उथळ पाण्यात चरतात. लालसरी बुडी मारते, तिला जरा खोल पाणी चालतं. हिमालय ओलांडून येणारा पट्टेरी राजहंस पाण्याच्या आसऱ्याला राहतो आणि चरायला रानात उतरतो. पाणी एकदम वाढलं तर चिखल बुडतो, एकदम उतरलं तर चिखल वाळून तडकतो. दोन्हीत पक्षी उपाशी. म्हणून कालव्याचं आवर्तन कसं सुटतं, याला फार महत्त्व आहे.

त्रास कशाचा?

- वरच्या शहर-गावांचं सांडपाणी येतं. त्यावर पाणवेली माजते, उघडं पाणी झाकून टाकते.
- द्राक्ष, ऊस, भाजीपाल्यावरची औषधं आणि खतं पावसाच्या पाण्यानं नदीत उतरतात.
- पाण्यात सोडून दिलेल्या जाळ्यात पक्षी अडकतात.
- पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर पीक घेतलं जातं, गुरं चरतात. पक्ष्यांची बसायची जागा तीच असते.

शेतकऱ्याचं काय?

हे लिहिणारा स्वतः शेतकरी आहे. आमच्या हरभऱ्यात राजहंसांचा थवा रात्रीत अर्धा एकर साफ करून गेला. अर्ज घेऊन गेलो तर ‘पक्ष्यांची भरपाई बसत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. पक्षी सगळ्यांचे आणि नुकसान एकट्याचं, असं चाललं तर काठावरचा माणूस राखणदार कसा होणार? चापडगावची पोरं गाईड म्हणून चार पैसे कमावतात, ते चांगलंच आहे. पण ज्याचं पीक जातं त्याच्या हाती काही पडत नाही.

मग मार्ग कोणता?

सरसकट गाळ काढला तर उथळ जागा जाईल आणि पक्षीही जातील. अजिबात नाही काढला तर पुराचं पाणी मागं फुगतं, ही वरच्या गावांची तक्रार तशीच राहील. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय जेसीबी घालता येत नाही. तेव्हा नदीचं मुख्य पात्र आणि दरवाज्यांजवळचा गाळ पक्षी गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढावा, काठाचा उथळ पट्टा आणि बेटं तशीच ठेवावीत. निघालेली माती शेतकऱ्यांच्या रानात टाकावी. ठरवताना जलसंपदा, वन्यजीव विभाग आणि काठची गावं एकत्र बसावीत.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. फवारणीचा पंप नदीत, ओढ्यात धुवायचा नाही. औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर फेकायच्या नाहीत. फाटकी जाळी पाण्यात सोडायची नाहीत. पाणकणसं पेटवायची नाहीत. जाळ्यात अडकलेला किंवा जखमी पक्षी दिसला तर वनरक्षकाला लगेच कळवा.